बर्नी राइटसनला हॉररमधून सोडवू नका

अमेरिकी कॉमिक्स-चित्रकार बर्नी राइटसन १८ मार्च २०१७ रोजी मेंदूच्या कर्करोगाने गेला. वय अवघं ६८. तेव्हापासून दर मार्चमध्ये त्याचे चाहते त्याची चित्रं बाहेर काढतात, ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच्या वाढदिवसाला पुन्हा काढतात, आणि २०२५ मध्ये दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ सिनेमा आल्यावर तर त्याचं नावही कधी कानावर न पडलेली माणसं ती चित्रं शोधू लागली. देल तोरो त्याचं ऋण वर्षानुवर्षं जाहीरपणे मानत आला आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण या आठवणींत एक वाक्य हमखास येतं : ‘तो केवळ हॉरर कॉमिक्सवाला नव्हता, तो खरा चित्रकार होता.’ त्याला समोरून तितकंच ठरलेलं उत्तर मिळतं. स्वस्त मासिकांत सडकी प्रेतं आणि राक्षस काढणाऱ्याला एकोणिसाव्या शतकातल्या गुस्ताव डोरे या थोर फ्रेंच चित्रकाराच्या पंक्तीला बसवायचं म्हणजे अतीच झालं, चाहत्यांना आपलं लहानपण आठवतंय आणि ते त्यालाच कला म्हणताहेत. मग दोन्हीकडून नावं फेकली जातात, चित्रं शेजारी शेजारी लावली जातात, आणि वाद होता तिथेच राहतो.

तो तिथेच राहतो कारण दोन्ही बाजूंना मूळ गोष्ट मान्य आहे. हॉरर कॉमिक्स ही खालची जागा आहे, यावर त्यांचं एकमत आहे. एकाला राइटसनला तिथून वर काढायचं आहे, दुसऱ्याला तो तिथेच राहावा असं वाटतं. माझा विरोध या एकमताला आहे. राइटसन हॉरर कॉमिक्सचा चित्रकार होता, आणि त्याचं मोठेपण त्या कामात आहे. त्याला आठवायचं तर त्या स्वस्त कागदासकट, ठरलेल्या पानांसकट आणि त्या राक्षसांसकट आठवावं. सोवळ्यात घेतल्याशिवाय आपल्याला ज्याचा गौरव करता येत नाही, त्याचा गौरव आपण करतच नसतो. आपण फक्त आपली लाज झाकत असतो.

समोरच्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. राइटसनचं सर्वश्रेष्ठ मानलं जाणारं काम कॉमिक्स नाहीच. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी त्याने काढलेली पन्नासेक चित्रं ही कादंबरीची सजावट आहे. त्यात चौकटी नाहीत, संवादाचे फुगे नाहीत. ते काम त्याला कोणी दिलेलं नव्हतं. पोटापाण्याची कामं उरकली, बिलं आणि किराणा भागला, की कधी तीन दिवस, कधी आठवडा असा वेळ काढून तो ती चित्रं करत राहिला आणि त्यात सातेक वर्षं गेली. १९८३ मध्ये मार्व्हलने पुस्तक छापलं. त्यातलं प्रयोगशाळेचं चित्र ज्याने एकदा पाहिलं त्याला ते विसरता येत नाही. काचेची भांडी, वळसे घेणाऱ्या नळ्या, बुधले, चंबू यांचं इतकं दाट रान तिथे माजलंय की नजर कुठे ठेवावी ते कळत नाही, आणि तरीही प्रत्येक काचेवरचा उजेड वेगळा आहे. बारीक समांतर रेघा जवळ आल्या की सावली होते, लांब गेल्या की उजेड होतो. ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी आणि धातूच्या ठशांवरून आलेली, आणि राइटसनपर्यंत ती पोचली फ्रँकलिन बूथसारख्या चित्रकारांमार्फत. (हा बूथही विलक्षण माणूस. इंडियानातल्या शेतावर वाढला. मासिकांमधली ठशांची चित्रं टाकानेच काढलेली असतात असं समजून ती हुबेहूब गिरवत बसला आणि त्या गैरसमजातून त्याची स्वतःची शैली उभी राहिली.) तेव्हा डोरेचं नाव घेणाऱ्यांची अगदीच चूक आहे असं म्हणता येणार नाही. वारसा खराच आहे.

पण बूथचा हात राइटसनमध्ये दिसतो म्हणून राइटसनचा राक्षसही बूथकडून आला का? बूथच्या चित्रांत आभाळ आहे, झाडं आहेत, भव्य इमारती आहेत. राइटसनचा तो लांब केसांचा, ओढलेल्या कातडीचा जीव, ज्याच्या चेहऱ्याची किळस येते आणि ज्याच्या उभं राहण्यात राजबिंडेपणा आहे, तो तिथून आलेला नाही. तो आला त्याआधीच्या काही वर्षांतल्या कॉमिक्समधून, जिथे राइटसन पानामागून पान एकच प्रश्न सोडवत होता : ज्याच्याकडे बघवत नाही अशा देहातलं मन वाचकाला कसं दाखवायचं? ‘स्वॅम्प थिंग’ या दलदलीतल्या राक्षसाच्या मालिकेच्या सुरुवातीच्या अंकांतच तुकडे शिवून उभा केलेला एक माणूस येतो, आपल्या मुलीच्या जवळ जाऊ बघणारा आणि जगाला नकोसा झालेला. तोवर फ्रँकेन्स्टाइनचं पुस्तक कुठेच नव्हतं. पुस्तकातली चित्रं ही हॉरर कॉमिक्समधून केलेली सुटका असती, तर त्यांत कॉमिक्समध्ये शिकलेलं इतकं कुठून आलं असतं?

जिथे हे शिकणं झालं ते पान एकदा नीट पाहायला हवं. जुलै १९७१ चा ‘हाउस ऑफ सिक्रेट्स’ या हॉरर मासिकाचा ९२ वा अंक, किंमत पंधरा सेंट. त्यात लेन वीनने लिहिलेली आणि राइटसनने काढलेली ‘स्वॅम्प थिंग’ची पहिली, आठ पानांची गोष्ट आहे. काळ विसाव्या शतकाच्या आरंभाचा. अॅलेक्स ऑल्सनचा मित्र त्याचा घात करतो, त्याला दलदलीत पुरतो आणि त्याच्या विधवेशी लग्न करतो. दलदलीतून जे उठतं ते अॅलेक्सच आहे, पण आता तो चिखल, मुळं आणि शेवाळ यांचा झाला आहे. तो खिडकीबाहेर उभा राहून बायकोला बघत राहतो. मित्र तिचाही जीव घ्यायला निघतो तेव्हा तो आत शिरतो आणि त्याला मारतो. इथपर्यंत सूडकथाच आहे, अशा गोष्टी ढिगाने होत्या. पण त्यानंतर तो बायकोकडे वळतो. मी आहे, एवढंच त्याला सांगायचं आहे, आणि त्याच्याकडे आवाजच उरलेला नाही. ती त्याच्याकडे बघते आणि घाबरते. तो माघारी वळतो आणि पुन्हा दलदलीत जातो.

हे दाखवायला राइटसनकडे काय होतं? चेहऱ्याच्या नावाने चिखल, आणि त्यात खोल गेलेले दोन डोळे. ओठ नाहीत, भुवया नाहीत, म्हणजे चित्रकार भावना दाखवायला ज्यावर भिस्त ठेवतो ते काहीच नाही. मग काम खांद्यांवर येतं, हाताच्या ओंजळीवर येतं, चौकटीत तो किती जागा व्यापतो आणि ती स्त्री त्याच्यापासून किती दूर आहे यावर येतं. गोष्टीतला माणूस आणि गोष्टीचा चित्रकार दोघांनाही नेमकी तीच अडचण आहे, आणि म्हणूनच हे फक्त कॉमिक्समध्येच होऊ शकतं. कादंबरीने त्याच्या मनातलं सांगून टाकलं असतं. सिनेमाने नटाचे डोळे वापरले असते. इथे एका चौकटीत तो आशेने वळतो आणि पुढच्या चौकटीत ती मागे सरकते. या दोन चौकटींमध्ये जे घडतं ते वाचकालाच करावं लागतं. भीती आणि दया एकदमच येतात, आणि आधी कोणती आली ते सांगता येत नाही. याला ‘केवळ हॉरर कॉमिक्स’ म्हणायचं असेल तर त्या ‘केवळ’ला अर्थच काय उरतो?

आता कोणी म्हणेल, गोष्ट भयाची आहे म्हणून कोणी नाकं मुरडत नाही, सुमार कलेला नाकं मुरडतात. तसं असतं तर वादच नव्हता. फ्रान्सिस्को गोयाने १८१९ नंतर माद्रिदजवळच्या आपल्या घराच्या भिंतींवर चित्रं काढली. त्यातलं पोटच्या पोराला खाणाऱ्या सॅटर्न या रोमन देवाचं चित्र आज प्रादो संग्रहालयात आहे. गोया ‘भयाच्या पलीकडचा’ चित्रकार होता असं कोणाला म्हणावं लागत नाही. जपानी चित्रकार होकुसाईने फाटक्या कागदी कंदिलातून बघणारा, तिथल्या भूतकथेतल्या ओइवाच्या भुताचा चेहरा काढला, त्याबद्दल आज कोणी क्षमायाचना करत नाही. आणि तो चेहरा काही राजवाड्यासाठी काढलेला नव्हता. लाकडी ठशांची ती चित्रं एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, बाजारात साध्या माणसाला परवडतील अशा भावात विकली जायची. त्यांना संग्रहालयाची भिंत मिळाली ती पुष्कळ नंतर. म्हणजे अडचण भयाची नाही. अडचण आहे ती पंधरा सेंटांची, टपरीवजा दुकानाची, ते विकत घेणाऱ्या पोराची. स्वस्त कागदावर छापलेलं आणि पोरांनी उशाखाली लपवलेलं काही थोर असू शकतं, हे सुशिक्षित माणसाला कबूल करवत नाही. मराठीतही याची सवय आहे. नारायण धारपांच्या भयकादंबऱ्यांच्या प्रती वाचनालयांत हाताळून हाताळून खिळखिळ्या झाल्या, पण वाङ्मयाच्या गंभीर चर्चेत त्यांना त्या मानाने किती जागा मिळाली?

या लाजेची किंमत काय असते, ते ग्रॅहम इंगल्सच्या आयुष्यात दिसतं. राइटसन पोरवयात ज्यांच्या चित्रांवर वाढला त्या ईसी कॉमिक्स या हॉरर मासिकं काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकारांपैकी हा एक. ‘हॉन्ट ऑफ फिअर’मधल्या म्हाताऱ्या चेटकिणीच्या गोष्टी त्याच्या हातच्या. लोंबणारी कातडी, लाळ, कुजका ओलावा यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि सही करायचा तो ‘घॅस्टली’, म्हणजे भेसूर, या नावाने. मग १९५४ साल आलं. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं, कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं सांगणारं पुस्तक निघालं, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, प्रकाशकांनी घाबरून काय छापायचं नाही याची नियमावली, म्हणजे कॉमिक्स कोड, स्वतःवरच लादून घेतला. कोडमध्ये एक कलम असं होतं की कुठल्याही मासिकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हा शब्द वापरायचा नाही. ईसीची हॉरर मासिकं बंद पडली. इंगल्सने थोडी किरकोळ कामं केली, कनेटिकटमधल्या फेमस आर्टिस्ट्स स्कूल या टपालाने चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेत शिकवलं, आणि नंतर फ्लोरिडात जाऊन चित्रकलेचे वर्ग घेत राहिला. कितीतरी वर्षं त्याने आपला ठावठिकाणाही जुन्या लोकांना कळू दिला नाही. त्याच्या चित्रांवर जीव टाकणारे लोक देशभर होते आणि तो त्यांच्यापासून लपून होता. १९९१ मध्ये तो गेला. विलक्षण गोष्ट अशी, की बाल्टिमोरमधल्या राइटसननेही टपालाने चित्रकला शिकायला त्याच फेमस आर्टिस्ट्स स्कूलचा अभ्यासक्रम घेतला होता. गुरू म्हणावा असा माणूस त्या संस्थेत शिकवून गेला होता आणि स्वतःच्या सर्वोत्तम कामाचं नाव घेत नव्हता.

‘तो केवळ हॉररवाला नव्हता’ असं आपण आज मोठ्या प्रेमाने म्हणतो, तेव्हा कोडचं ते कलमच पुढे चालवत नाही का? त्यांनी मासिकाच्या नावातून शब्द काढला, आपण मृत्युलेखातून काढतो.

वर्थम यांची बाजू मात्र न्यायाने मांडायला हवी, कारण त्यांच्यावर टीका करणारे बरेचदा त्यांचं व्यंगचित्र काढून मोकळे होतात. वर्थम मुलांचा द्वेष करणारे किंवा कर्मठ नव्हते. १९४६ मध्ये त्यांनी हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू करण्यात पुढाकार घेतला, ज्या गोऱ्या शहराने काळ्या रुग्णांना मानसोपचार नाकारले होते तिथे नाममात्र पैशांत ते दिले. वर्णभेदी शाळांनी मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याबद्दलची त्यांची साक्ष पुढे शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या ऐतिहासिक निकालात गुंफलेल्या खटल्यांपैकी एकात उपयोगी पडली. कॉमिक्सबद्दलची त्यांची तक्रारही पूर्ण पोकळ नव्हती. ईसीचं यश बघून जी नकलांची रांग लागली त्यातली बरीचशी मासिकं खरोखरच भिकार होती. बाईचं किंचाळणारं तोंड आणि फाटलेला झगा एवढ्यावर मुखपृष्ठ भागवायचं आणि आत काही नाही. मुलांच्या हाती हे पडू नये असं वाटणाऱ्या आईबापांना मूर्ख ठरवून काही मिळत नाही.

पण त्यांनी मांडलेला पुरावा टिकला का? कॅरल टिली या अभ्यासिकेने वर्थम यांची कागदपत्रं तपासून २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्यांनी मुलांच्या हकिगती वाकवल्या होत्या, वगळल्या होत्या, काही ठिकाणी एकत्र केल्या होत्या. आणि त्या पुराव्याच्या आधाराने आलेल्या कोडने काय निवडलं? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणावं, तर इथे आधी ओलंच जळलं. भिकार मासिकं काढणाऱ्यांपैकी काही जण प्रेमकथांकडे आणि काउबॉयकडे वळले आणि तरले. ईसीच्या एका जुन्या विज्ञानकथेचं पुनर्मुद्रण करताना कोडवाल्यांनी आक्षेप घेतला तो शेवटच्या चौकटीतल्या अंतराळवीरावर, कारण तो काळा होता. मुलांना वाचवायला निघालेल्यांना त्या गोष्टीत मुलांना धोका दिसला तो इथे.

त्या सुनावणीतला एक प्रसंग नेहमी ईसीचा प्रकाशक विल्यम गेन्सची फजिती म्हणून सांगितला जातो. सिनेटर केफॉव्हर यांनी जॉनी क्रेगने काढलेलं एक मुखपृष्ठ समोर धरलं. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं छाटलेलं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे असं तुम्हाला वाटतं का? गेन्स म्हणाला, होय, हॉरर कॉमिकच्या मुखपृष्ठासाठी वाटतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं, आणि आजही लोक हे सांगताना हसतात. मला मात्र त्या खोलीतलं ते सर्वांत समंजस उत्तर वाटतं. ज्या प्रकारचं काम आहे त्याच्या हेतूने ते तपासा, एवढंच तो म्हणत होता. शोकगीत ऐकून कोणी त्याने मन प्रसन्न केलं नाही अशी तक्रार करत नाही. भयकथेने हादरवलं तर ती तक्रार का व्हावी? हादरवून पुढे काय केलं, हा प्रश्न विचारावा, आणि तो विचारला की चांगली भयकथा आणि भिकार भयकथा आपोआप वेगळ्या होतात.

हाच प्रश्न राइटसनलाही लावायला हवा, आणि तिथे मला सोपं उत्तर देता येत नाही. १९७४ मध्ये ‘क्रीपी’ मासिकात ब्रूस जोन्सने लिहिलेली आणि राइटसनने काढलेली ‘जेनिफर’ ही दहा पानांची गोष्ट आली. रानात एक माणूस एका मुलीला मारायला निघालाय, दुसरा तिला वाचवतो. तिचा चेहरा राक्षसी आहे आणि देह कमालीचा देखणा. तो तिला घरी आणतो. ती त्याचं घर आणि त्याचं सगळं आयुष्य खाऊन टाकते, आणि तो तिला सोडू शकत नाही. शेवटी तोच तिला रानात मारायला नेतो, तेव्हा तिसरा कोणी तिला ‘वाचवतो’. देखणा देह आणि भेसूर चेहरा असलेली, पुरुषाला गिळणारी बाई ही पुरुषांच्या भीतीने रचलेली फार जुनी प्रतिमा आहे, आणि गोष्ट त्या प्रतिमेवर जगते. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण चित्रं पाहताना नजर कुठे जाते ते बघा. शाईच्या करड्या छटांमध्ये पानामागून पान ढासळत जातो तो माणसाचा चेहरा : खोल जाणारे डोळे, वाढलेली दाढी, झोप उडालेली. ती पहिल्या पानावर जशी आहे तशीच शेवटच्या पानावर आहे. राइटसनने राक्षस तिच्यात शोधला नाही. वासना आणि अपराध एकत्र झाल्यावर माणूस कसा कुरतडला जातो ते त्याने काढलं. वाईट गृहीतकावरच्या गोष्टीतून त्याने खरं काहीतरी वर काढलं असं मला वाटतं. कोणाला तसं वाटणार नाही, आणि त्यावर भांडायला मला आवडेल. पण असं भांडण व्हायला ‘जेनिफर’ समोर असायला हवी. ‘खरा चित्रकार’ म्हणणाऱ्यांच्या यादीत ती सहसा नसते. त्यांच्या यादीत फ्रँकेन्स्टाइनची देखणी पानं असतात. शुद्ध केलेल्या राइटसनमध्ये दोष उरत नाहीत, पण मग चर्चाही उरत नाही.

व्यवहाराचा एक मुद्दा याहून अवघड आहे. प्रतिष्ठा मिळाली की कागद जपले जातात. संग्रहालयं दार उघडतात, मूळ चित्रांना भाव येतो, चांगल्या कागदावर पुनर्मुद्रणं निघतात. ‘कलावंत’ हा शिक्का बसल्याने हे होत असेल तर त्या शब्दावर अडून का बसायचं? कॉमिक्सच्या धंद्याने चित्रकारांना कसं वागवलं हे आठवलं की हा युक्तिवाद आणखी धारदार होतो. पानामागे मेहनताना मिळायचा आणि पात्राची मालकी प्रकाशनसंस्थेकडे जायची. स्वॅम्प थिंगवर १९८२ मध्ये सिनेमा निघाला, पुढे आणखी एक निघाला, पण तो राक्षस राइटसनच्या मालकीचा कधीच नव्हता. अशा माणसाला मेल्यावर का होईना मान मिळतोय, तर मिळू द्यावा.

मान मिळावाच. पण त्यासाठी मोजावं काय लागतं तेही बघावं. ‘खरा चित्रकार’ या कल्पनेत एकटा प्रतिभावंत बसतो, आणि कॉमिक्स एकट्याने होत नाही. त्या ९२ व्या अंकाची मुदत गळ्याशी आली तेव्हा मायकेल कलूटा, जेफ्री कॅथरीन जोन्स हे मित्र मदतीला आले. खलनायकासाठी नमुना म्हणून कलूटा स्वतः उभा राहिला, मुखपृष्ठावरच्या स्त्रीसाठी लुईस जोन्स, जी पुढे लुईस सायमनसन नावाने कॉमिक्सची संपादक आणि लेखिका झाली. शब्द लेन वीनचे. राइटसन, कलूटा, जेफ्री कॅथरीन जोन्स आणि बॅरी विंडसर-स्मिथ यांनी १९७५ पासून काही वर्षं मॅनहॅटनमध्ये एकत्र जागा घेऊन काम केलं, फ्रँकेन्स्टाइनच्या चित्रांचा काळही तोच. एकाला उचलून संग्रहालयाच्या भिंतीवर टांगलं की हे सगळे तळटीपेत जातात, आणि ज्या धंद्याने त्यांना राबवून घेतलं तो धंदा विषयातूनच निघून जातो. हॉरर कॉमिक्सचा चित्रकार म्हणून त्याला आठवलं तर विचारावंच लागतं : पानामागे किती मिळायचे? मूळ चित्रं परत मिळायची का? पात्र कोणाचं? ‘कलावंता’च्या आरतीत हे प्रश्न बसत नाहीत.

राहिला स्मरणरंजनाचा आरोप. चाहते राइटसनसाठी रडत नाहीत, आपल्या बाराव्या वर्षासाठी रडतात, असं म्हणतात. असेलही. बाराव्या वर्षी वाचलेलं जन्मभर अंगावर राहतं यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. पण हा आरोप करणाऱ्यांना या कलेत चाहता कोण असतो तेच ठाऊक नाही. ‘क्रीपी’ आणि ‘ईरी’ ही मासिकं मोठ्या आकाराची, काळीपांढरी होती. ती कॉमिक्स म्हणून गणली जात नसल्यामुळे कोडच्या कचाट्याबाहेर होती, आणि वाचकांनी पाठवलेली चित्रं छापत होती. १९६६ मध्ये ‘क्रीपी’च्या नवव्या अंकात एका पोराचं चित्र छापून आलं. त्यात एक थडगं आहे आणि थडग्यावर नाव कोरलंय : बर्नी राइटसन, १५ डिसेंबर १९६५. पोरगा सतरा वर्षांचा. आठ वर्षांनी तो त्याच मासिकात ‘जेनिफर’ काढत होता. ईसीचा चाहता राइटसन, राइटसनचा चाहता देल तोरो. ही कला अशीच हातोहात पुढे गेली आहे, अकादमीने तिला कधी शिकवलं नाही. चाहत्यांच्या आठवणींना भाबडेपणा म्हणून बाजूला सारलं तर ही कला टिकली कशी, याचं उत्तरच हातातून जातं.

राइटसनला स्वतःला काय हवं होतं, हे त्याने बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवलं. साठी ओलांडल्यावर त्याला काहीही करता आलं असतं. ‘घोस्टबस्टर्स’पासून ‘द मिस्ट’पर्यंतच्या सिनेमांसाठी त्याने राक्षसांचे आराखडे केले होते, स्टीफन किंगच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली होती, फ्रँकेन्स्टाइनच्या पुस्तकाचा दबदबा होता. गॅलरीसाठी मोठी चित्रं करत बसला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण तो चौकटींकडेच येत राहिला. २०१२ मध्ये स्टीव्ह नाइल्सच्या लेखनावर ‘फ्रँकेन्स्टाइन अलाइव्ह, अलाइव्ह!’ हे कॉमिक त्याने सुरू केलं. तोच राक्षस, आता शेलीच्या कादंबरीनंतरचा. तीन अंक निघाले. मग आजार आला, मेंदूवर शस्त्रक्रिया झाल्या, जानेवारी २०१७ मध्ये त्याच्या पत्नीने त्याची निवृत्ती जाहीर केली आणि मार्चमध्ये तो गेला. चौथा अंक अपुरा होता. तो पुरा करायला त्याने स्वतः निवडलं ते केली जोन्सला. हा केली जोन्स बॅटमनपासून भुताखेतांपर्यंत सावल्यांचीच कॉमिक्स काढत आलेला माणूस. २०१८ मध्ये अंक आला. आपल्या अखेरच्या पानांसाठी राइटसनने हात शोधला तो हॉरर कॉमिक्सवाल्याचा. त्याच्या मृत्युलेखातून तो शब्द वगळायचा हक्क आपल्याला कोणी दिला?